शिडीचं घर

आमच्या खालच्या मजल्यावरून रोज सकाळी दोन शिट्ट्या ऐकू येतात. त्या झाल्या की समजायचं, बस सुटली. बस कसली, एक जाड दोरी. तिला दोन्ही बाजूंनी कापडी कड्या शिवलेल्या आणि प्रत्येक कडीला एकेक पोर लटकलेलं. सगळ्यांत पुढे फोरमन, सगळ्यांत मागे कंडक्टरबाई. पोस्टाची पेटी, कोपऱ्यावरची बाग आणि परत आमचं अंगण, एवढाच मार्ग. वाटेत कुणाला किडा दिसला तर एक शिट्टी. मग बस थांबते, सगळे प्रवासी उतरतात, उकिडवे बसून किडा बघतात आणि पुन्हा दोन शिट्ट्या. रस्त्यावरची माणसं हसतात. बाईंना त्याचं काही वाटत नाही. जिने निम्मं आयुष्य खच्चून भरलेल्या बसमध्ये लोकांना 'पुढे सरका' म्हणण्यात घालवलं, तिला असल्या हसण्याचं काय?

बाई म्हणजे आमच्या भाडेकरू. खालचा मजला आणि अंगण त्यांच्याकडे आहे आणि तिथे त्यांचं पाळणाघर चालतं; राहायला त्या दुसरीकडे. वर आम्ही दोघं, मी आणि आमचे हे. ह्यांच्याबद्दल सांगायचंच आहे, पण आधी बाई.

त्या जागा बघायला आल्या तो दिवस मला चांगला आठवतो. जागा बघायला येणारी माणसं नळ सोडून बघतात, भिंतीवर ओल आहे का बघतात. बाई तशाच घरातून आरपार चालत मागे अंगणात गेल्या. चप्पल काढली, टाचेने माती उकरली, मूठभर घेऊन वासही घेतला. मग तुतीच्या झाडाला प्रदक्षिणा घालून बुंध्यावर दोन थापा मारल्या.

"बाई, घर आत आहे," ह्यांनी सांगितलं.

"घर ठीक आहे साहेब," बाई म्हणाल्या. "माती चांगली आहे."

वर आल्यावर हे मला विचारतात, "हिला पाळणाघराला जागा हवीय की शेत?"

बाई बसमध्ये कंडक्टर होत्या. पुढे बसमध्ये तिकिटाची यंत्रं बसली आणि कंडक्टरांना घरी पाठवलं. त्यांच्या बरोबरच्या बायका म्हणाल्या, सुटलो बाई, आता पाय लांब करून बसू. बाईंनी पाळणाघर काढलं. मी एकदा विचारलं, एवढी दगदग झाल्यावर पुन्हा हा व्याप कशाला? त्या म्हणाल्या, "वहिनी, सगळी नोकरी पोरांवर ओरडण्यात गेली. दांडी धर, हलू नको, पडशील. दुसरं काही बोललेच नाही कधी. म्हटलं, आता एखादं पोर सोडून बघावं, काय करतं ते."

त्यांच्या पाळणाघरात नियम दोनच.

पहिला नियम, काम झालं की वस्तू घरी. अंगणाच्या लांबलचक भिंतीवर त्यांनी निळ्या रंगाने वस्तूंच्या आकृत्या काढल्या आहेत. खोऱ्याच्या आकृतीवर खोरं टांगायचं, झारीच्या आकृतीवर झारी, बादलीच्या आकृतीवर बादली. ते त्या वस्तूचं घर. सगळ्यांत खाली, जमिनीला लागून, मुलांच्या लाकडी शिडीचं आडवं घर, बसच्या मागच्या सीटएवढं लांब. प्रत्येक घराखाली त्या वस्तूचं पहिलं अक्षर. त्यामुळे 'अभ्यास' हा शब्द कुणी न उच्चारता पोरांना अक्षरं यायला लागली, पण भलत्याच क्रमाने. एक आई काळजीने विचारायला आली होती, "आमच्या मुलाला अजून अ येत नाही हो, पण झ येतो. चालेल ना?" बाई म्हणाल्या, "चालेल. झाडांना पाणी घालतो तो. अ लागला की अ शिकेल."

ही आकृत्यांची पद्धत बाईंची नव्हे, त्यांच्या नवऱ्याची. तो बस डेपोत मेकॅनिक होता. वर्कशॉपच्या भिंतीवर त्याने एकेक पान्याची, हातोडीची आकृती काढून ठेवली होती, म्हणजे संध्याकाळी एका नजरेत कळावं, काय परत आलं नाही. "तो गेला, मग हत्यारं ज्याने त्याने नेली," बाई सांगत होत्या. "आकृत्या तेवढ्या राहिल्या. मी रोज ड्यूटीवर जाताना बघायचे. पाना नाही, पण पान्याचं घर आहे." एवढं अगदी सपाट आवाजात सांगून त्या एका पोराचं नाक पुसायला उठल्या. मी वर आले आणि जरा वेळ रडले. मला रडायला फार लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरा नियम, अंगणात 'पडशील' म्हणायचं नाही. कुणी झाडावर चढत असेल तर दुसऱ्याने खाली उभं राहून त्याचा कंडक्टर व्हायचं. कंडक्टरने एकच प्रश्न विचारायचा, "आता पाय कुठे ठेवणार?" जो आपण चढला तो आपणच उतरणार, त्याला उचलून खाली घ्यायचं नाही. आणि मोठ्या माणसाच्या तोंडून तो शब्द गेलाच, तर त्याने चिखलाच्या वाफ्याशी बसून मातीचे गोळे करायचे, पोरं पुरे म्हणेपर्यंत. मग तो कुणी का असेना. एका मुलाचा बाप दातांचा डॉक्टर आहे, त्याने पांढऱ्या कोटासकट गोळे केले आहेत. एका पोरीची आजी मात्र रोज घ्यायला आली की फाटकातूनच मोठ्याने 'पडशील गं' म्हणायची. नंतर लक्षात आलं, तिला गोळे करायला आवडतात.

आता आमचे हे. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला. एखाद्या वजनाचा तळ कणभर झिजलेला दिसला की ह्यांचा चेहरा उजळायचा. निवृत्त झाले आणि तपासायला दुकानदार उरले नाहीत, उरले मी आणि घर. हे दूधवाल्याचं माप तपासतात, मी कणीक किती भिजवली ते तपासतात, आणि घालतात फक्त पांढरे शर्ट. इस्त्रीचे. नाकावर माशी बसू देत नाहीत आणि शर्टावर ठिपका.

आणि अंगणात कोण, तर तुती. ऐन बहरात ती काय करते ते ज्याच्या दोरीवर कपडे वाळतात त्यालाच विचारावं. एक मोठी फांदी आमच्या कपड्यांच्या दोरीवर, तिचाच पुढचा भाग भिंतीपलीकडे रस्त्यावर. दर बहरात ह्यांच्या दोनतीन शर्टांचा बळी जायचा. त्यात जिन्यावर चिखलाचे इवलेसे पाय उमटायचे, कारण मुलांना वर येऊन मला किडे दाखवायचे असतात. हे धुमसत होतेच. तेवढ्यात मुलाचा फोन आला. त्याने नवी गाडी घेतली होती, नातीला घेऊन येणार होता. "बाबा, गाडी अंगणात लावता येईल ना? पांढरी आहे, रस्त्यावर नको वाटते."

पांढरी म्हटल्यावर संपलंच. हे मोजपट्टी घेऊन खाली उतरले. मी मागोमाग.

"बाई, हे झाड काढायचंय," ह्यांनी सांगितलं. "अंगणात फरशी बसवणार. महिनाअखेरपर्यंत. तुमचं पाळणाघर राहू द्या, त्याला माझी ना नाही. मुलं आत खेळतील."

बाई झारीचं तोंड साफ करत होत्या. "फरशीवर मी त्यांना काय शिकवू साहेब? पुसायला?"

"आत दोन खोल्या आहेत की."

"त्या झोपायला." बाईंनी झारी तिच्या घरी टांगली. "घर तुमचं, झाड तुमचं. मी दुसरी जागा बघते."

हे भांडणाच्या पूर्ण तयारीने गेले होते. चिखलाचे मुद्दे, शर्टांचे मुद्दे, सगळे पाठ होते. भांडण झालंच नाही, म्हणून जास्तच चिडून वर आले. मग राहिलेलं भांडण मी केलं. सलग काही दिवस केलं. चहा फिका दिला, बोलणं बंद केलं, पुन्हा सुरू करून आणखी बोलले. पण हे ऐकतील तर शपथ.

बाई रोज संध्याकाळी शेवटचं पोर घरी गेलं की जागा बघायला निघायच्या. सकाळी मी विचारायची, काय झालं? "खोल्या आहेत हो पुष्कळ. माती नाही." एका ठिकाणी चौथ्या मजल्यावर गच्ची होती आणि तिच्यावर हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलेलं. मालक फार कौतुकाने दाखवत होता. बाई म्हणाल्या, "मुलं उपटणार काय त्यातलं? आणि किडा कुठून आणू? तोही प्लास्टिकचा?"

एका दुपारी मुलं झोपल्यावर मी खाली गेले तर त्या भिंतीला पाठ टेकून, शिडीच्या आकृतीशेजारी बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. "वहिनी, मला फार वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "नोकरी सुटली तेव्हाही इतकं नव्हतं वाटलं." त्यांच्या शेजारी बसले आणि मनातल्या मनात ह्यांच्यावर इतकी रागावले, जितकी लग्नाच्या पहिल्या वर्षीही रागावले नव्हते. आणि ते वर्ष काही साधं नव्हतं.

झाड तोडायला ह्यांनी माणूस बोलावला. तो आला, मान वर करून बघत राहिला, मग ओंजळभर तुती खाल्ल्या. "इतकं लगडलेलं झाड मी नाही तोडत," म्हणाला. "बहर सरला की सांगा." आणि दोन्ही खिसे भरून निघून गेला. ह्यांचा पारा चढला. बहर सरेपर्यंत गाडी येऊन उभी राहणार होती. "निदान ती फांदी तरी मी काढतो," हे म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही? माळ्यावरची सुटकेस काढायला शेजाऱ्याला बोलावता." त्यावर ह्यांनी माळ्यावरून करवत मात्र स्वतः काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन शिट्ट्या झाल्या, बस गेली, आणि हे मांजरासारखे जिना उतरले. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आमच्या शिडीची एक पायरी मोडलेली, म्हणून ह्यांनी भिंतीवरून मुलांचीच शिडी काढली. बुंध्याला लावली. मग चपला काढून झाडाखाली शेजारीशेजारी, अगदी सरळ रेषेत ठेवल्या आणि चढले. मुलांची शिडी ती, लांबून लांबून किती असणार? तिच्यावरून बेचक्यात, बेचक्यातून फांदीवर. बसले आणि कापायला लागले. दोनदा करवत ओढायची आणि बराच वेळ दम खायचा, असं चाललं होतं. फांदीला जेमतेम बोटभर खाच पडली असेल.

तेवढ्यात रस्त्यावरून एक शिट्टी आली. एका प्रवाशाची चड्डी ओली झाली होती आणि बस अर्ध्या वाटेतून डेपोकडे वळली होती.

हे दगड झाले. दुकानावर धाड कशी घालायची ते ह्यांना चांगलं ठाऊक होतं, पण धाड पडते तेव्हा कसं वाटतं ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं. उतरायला वेळ नव्हता. मग हे पाय आवरून आणखी वरच्या बेचक्यात सरकले आणि पानांच्या आड झाले. ओल्या प्रवाशाला घेऊन बाई थेट आत गेल्या. जाताना बाकीच्यांना म्हणाल्या, "हात धुवा रे."

हात कोण धुतंय? शिडी दिसली ना.

आता फोरमन कोण ते सांगते. प्लंबरची मुलगी, शेंडेफळ, अजून दुधाचा एकही दात पडलेला नाही, पण आवाज असा की गल्लीतली कुत्रीसुद्धा सरळ बसतात. पाळणाघर बाईंचं, पण चालवते ती. म्हणून बाईंनीच तिला हे नाव दिलं. ती कमरेवर हात ठेवून शिडीपुढे उभी राहिली.

"ही कुणी काढली?"

कुणीच नाही.

"काम चालू आहे का कुणाचं?"

सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं. कुणाचंच काम चालू नव्हतं.

"मग घरी," फोरमनने निकाल दिला. "धरा."

सहा पोरांनी शिडी धरली. ते काम त्यांना पाठ आहे, रोज करतात. झाडातून 'शुक शुक' असा आवाज आला. पोरं थांबली.

"पक्षी आहे," एकजण म्हणाला.

"मोठा आहे," दुसरी म्हणाली, आणि शिडी चालू लागली.

मला वरून पानांच्या फटीतून ह्यांचं तोंड दिसत होतं. ओरडावं तर आत बाईंना कळणार, न ओरडावं तर शिडी जाणार. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांचा इतका बघण्यासारखा चेहरा पाहिला नव्हता. मी हातातला ओला टॉवेल तसाच धरून उभी राहिले. शिडी तिच्या निळ्या घरात जाऊन बसली, फोरमनने एक कोपरा पायाने आत ढकलला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाळणाघरात एक मुलगा आहे, दिवसभर 'का?' विचारतो. त्यामुळे त्याचं नावच 'का' पडलंय. तो खाली पडलेल्या तुती वेचत वेचत झाडाखाली आला. आधी त्याला चपला दिसल्या. मग त्याने मान वर केली.

"आजोबा."

झाडाने पाय आणखी वर ओढले.

"आजोबा, तुमच्या चपला खाली राहिल्या."

"जा बाळ, खेळ जा," झाड हळूच म्हणालं.

"तुम्ही वर का?"

"तुती खातोय."

"मग करवत का?"

'का'ने थोडा विचार केला. "कापून खाता?"

एव्हाना सगळं पाळणाघर झाडाखाली जमलं होतं. आणि बाई ओली चड्डी हातात घेऊन दारात आल्या. त्यांनी एकदा वर बघितलं, एकदा फांदीवरच्या ताज्या खाचेकडे, एकदा भिंतीवर घरी गेलेल्या शिडीकडे. भरलेल्या बसमधले विनातिकीट प्रवासी एका नजरेत टिपणारी बाई ती, तिला सांगायला काय लागतंय? क्षणभर त्यांचे ओठ घट्ट झालेले मी वरून पाहिले. मला वाटलं, आता वाजणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "साहेब, उतरताय ना?"

"उतरतोच आहे. जरा शिडी द्या."

बाईंनी स्वतः शिडी आणून बुंध्याला लावली. पण लपण्याच्या नादात हे इतके वर सरकले होते की शिडीचं टोक कुठल्या कुठे खाली राहिलं होतं. ते किती खाली आहे ते बघायला ह्यांनी खाली बघितलं. तिथेच घात झाला. ह्यांनी दोन्ही हातांनी बुंध्याला मिठी मारली आणि डोळे गच्च मिटले.

"अग्निशामक दलाला बोलवा," हे म्हणाले.

खरं सांगते, इतका वेळ जी मजा वाटत होती ती सगळी गेली. 'अहो, पडाल' हे शब्द अगदी ओठांवर आले आणि मी ओला टॉवेल तोंडात कोंबला. गोळे करावे लागतील म्हणून नव्हे. त्या शब्दाने आजवर कुणी कुठून खाली उतरलेलं मी पाहिलं नव्हतं, म्हणून.

बाई शांतपणे म्हणाल्या, "आधी ती करवत फांदीला अडकवा साहेब. मुलांनो, मागे जाऊन बसा. फोरमन, आजोबांची कंडक्टर तू."

पोरं अर्धगोल करून मांडी घालून बसली. बाईंनी शिडी दोन्ही हातांनी धरली. फोरमन जरा बाजूला, ह्यांना दिसेल अशी उभी राहिली.

"आजोबा, डोळे उघडा."

"नाही."

"डोळे मिटून पाय दिसत नाहीत."

ह्याला तोड नव्हती. एक डोळा उघडला.

"आता पाय कुठे ठेवणार?"

"मला काय माहीत?"

"मग बघा ना आधी. काही घाई नाही. आम्हाला अजून भूक नाही लागली."

हे बघत राहिले. बराच वेळ. खाली एकानेही हूं की चूं केलं नाही. मला ती पोरं माहीत आहेत, एरवी ती झोपेतसुद्धा गप्प नसतात.

"तिकडे एक गाठ आहे," फोरमन म्हणाली. "माझा पाय राहतो तिथे."

"तुझा राहतो गं. माझं वजन पेलेल का ती?"

"का? किती आहे?" 'का'ने विचारलं.

आणि आमच्या ह्यांनी, झाडाला मिठी मारलेल्या अवस्थेत, आपलं वजन सांगितलं. किलो आणि वर ग्रॅमसुद्धा. खातं अंगात मुरलेलं, दुसरं काय?

"पेलेल साहेब," बाई खालून म्हणाल्या. "मी त्याच गाठीवर बसून तुती खाते. माझं तुमच्याहून जास्तच भरेल."

ह्यांनी एक पाय सोडला. तो हवेत चाचपडला, गाठीला लागला, टेकला. मग दुसरा. पुन्हा प्रश्न, पुन्हा बघणं, पुन्हा पाय. शिडीच्या टोकाशी येता येता हे थांबले आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "मी पडणार नाही ना गं?"

अंगणभर पोरांचे हात तोंडावर गेले. "बोलले," कुणीतरी कुजबुजलं. "आजोबा बोलले."

"गोळे," फोरमन म्हणाली. "खाली आल्यावर. आधी उजवा पाय."

हे खाली आले. शर्टाची पुढची बाजू जांभळी, बाह्या जांभळ्या, कानाच्या पाळीवर एक तुती चिकटलेली. एका हाताने झाड धरून उभे होते. मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही, पण मी पोचले तेव्हा फोरमन त्यांचा दुसरा हात धरून त्यांना चिखलाच्या वाफ्याकडे नेत होती. ह्यांनी वळून बाईंकडे बघितलं.

"नियम आहे साहेब," बाई म्हणाल्या. "दातांच्या डॉक्टरांनीही केले."

ज्या माणसाने आयुष्यात एका दुकानदाराला नियमातून सूट दिली नाही, तो स्वतःला कशी देणार? हे उकिडवे बसले. पहिला गोळा केला. दुसरा केला, तो पहिल्यापेक्षा मोठा वाटला, म्हणून मोडून पुन्हा केला. मग म्हणाले, "तराजू आहे का?" मुलांचा एक तराजू आहे, फळी आणि दोन डबे. हे काही वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हा एका बाजूला झुकतोय. कुणी पास केला हा?" पोरांनी एकमेकांकडे बघितलं. जेवणाची वेळ झाली तरी हे सगळ्यांना भोवती घेऊन हलक्या डब्याला चिमूट चिमूट चिखल लावत होते आणि 'का' विचारत होता, "का?" आणि हे उत्तर देत होते. दर वेळी. मी 'का' विचारल्यावर एवढी उत्तरं मिळाली असती तर मी आज पदवीधर असते.

संध्याकाळी हे आंघोळ करून पलंगावर आडवे झाले आणि छताला म्हणाले, "त्या पोरीने मला एकदाही घाई केली नाही."

मी भाजी निवडत राहिले.

"बाईंना म्हणावं, जागा बघू नका."

"तुम्हीच सांगा की."

"मी कसं सांगू?"

"तोंडाने," मी म्हटलं. ह्यांनी कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी उठले तर हे पलंगावर नाहीत. गॅलरीत येऊन बघते तर अंगणात, भिंतीपाशी, हातात फूटपट्टी आणि निळ्या रंगाचा डबा. करवत कधी झाडावरून काढली कोण जाणे. बाकी वस्तूंच्या पुष्कळ वर, कुठल्याही पोराचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, ह्यांनी करवत भिंतीला टेकवून तिची आकृती काढली होती. एकेक दाता वेगळा. ती रंगवली, खाली सुबक अक्षरात 'क' काढला, वर खिळा ठोकला आणि करवत टांगली.

फाटक वाजलं. बाई आल्या. नेहमीप्रमाणे भिंतीवरून नजर फिरवली आणि वर करवतीपाशी थांबल्या.

हे वळले नाहीत. डब्याचं झाकण दाबून बसवत म्हणाले, "काम झालं."

बाई मुलांच्या बुटक्या बाकावर मटकन बसल्या आणि तोंडाला रुमाल लावून रडायला लागल्या. मोठ्याने, अगदी मनमोकळं. मला वाटतं, त्यात त्या वर्कशॉपमधल्या भिंतीचंही थोडं रडणं होतं. हे गडबडले, झाकण पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मी गॅलरीतून बघत होते आणि मला ह्यांचा इतका अभिमान वाटला की त्या दिवशी चहात साखर जास्तच पडली.

पुढच्या रविवारी मुलगा आला. "गाडी बाहेर लाव," हे म्हणाले. "अंगणात जागा नाही." त्याने बाहेर, भिंतीला लागून लावली. बाई नातीला बघायला मुद्दाम आल्या होत्या. नात गाडीतून उतरली ती तीरासारखी झाडाकडे, आणि बघता बघता पहिल्या बेचक्यात. फाटकातून मुलगा ओरडला, "अगं, पडशील!"

हे माझ्याकडे आणि बाईंकडे बघून गंभीरपणे मान हलवून उठले. मुलाला दंडाला धरून वाफ्यापाशी नेलं. "बाह्या दुमड," म्हणाले. त्याला नियम समजावून सांगेपर्यंत त्याला वाटत होतं बाप थट्टा करतोय. मग हसत हसत बसला, दोनतीन गोळे केले आणि एकदम म्हणाला, "बाबा, मला कधी चढूच दिलं नाहीत तुम्ही या झाडावर."

ह्यांनी एक गोळा हातात घेतला. वजन करतात तसा वरखाली केला आणि जागेवर ठेवला.

"मग आता चढ," म्हणाले. "मी आहे खाली."

मुलगा हसला. कुणीच हसत नाही असं बघून थांबला. मग त्याने बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, आणि आमचा साहेबी हुद्द्यावरचा, पोट सुटलेला मुलगा भिंतीवरची शिडी लावून चढला. शिडीवरून बेचक्यात, बेचक्यातून, एव्हाना फांदीवर सरकलेल्या लेकीच्या शेजारी. करवतीच्या खाचेला मुलांनी चिखलाचं बँडेज लावलंय, तिच्या अलीकडेच, बुंध्याच्या बाजूला दोघं बसले. हे खाली हात मागे बांधून उभे होते, मान वर, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही सांगत नव्हते, विचारत होते.

"आता पाय कुठे ठेवणार?"

लेक वरून खिदळली, मुलगा सरकला, फांदी हलली. पिकलेल्या तुती भिंतीपलीकडे बदाबदा पडल्या, त्या पांढऱ्या गाडीवर. टपावर पडल्या की आवाजही येत होता. बाईंनी शिट्टी तोंडाशी नेली, माझ्याकडे बघितलं आणि तशीच खाली केली.